लॉगिन झाले म्हणजे परवानगी मिळाली का? वधूवर मंडळाच्या संकेतस्थळावरील प्लगइनमधील त्रुटी

ताम्हन | रविवार, रात्री १०.२०

नमस्कार. पुण्यातील एका पेठेतील वधूवर सूचक मंडळाचे संकेतस्थळ मी गेली काही वर्षे सांभाळतो. गेल्या आठवड्यात तेथे जे आढळले ते येथे सविस्तर मांडत आहे. मंडळाचे नाव देणार नाही, त्याचे कारण उघड आहे. प्लगइनचेही (संकेतस्थळाला जोडलेल्या तयार कोडचेही) नाव देणार नाही, कारण ते वापरणारी इतर संकेतस्थळे असणार आणि सगळ्यांनी ते दुरुस्त केलेले असेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

सुरुवात एका फोनने झाली. एका सभासदाने मंडळाच्या सचिव काकूंना कळवले की, त्यांच्या मुलीसाठी एका अनोळखी मध्यस्थाचा फोन आला आणि बोलण्याच्या ओघात त्याने मुलीची जन्मवेळ मिनिटासकट सांगितली. हे गृहस्थ पत्रिकेच्या बाबतीत फार काटेकोर आहेत. जन्मवेळ त्यांनी मंडळाच्या अर्जाखेरीज कोठेही लिहून दिलेली नव्हती. त्यांचे म्हणणे साधे होते: ही वेळ बाहेर गेली असेल तर तुमच्याकडूनच गेली आहे.

संकेतस्थळ वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवर आहे. नोंदणी, वर्गणी आणि माहितीपत्रक या तिन्हींसाठी एकच प्लगइन आहे. कोणीही ईमेल देऊन खाते उघडले की त्याला ‘सबस्क्रायबर’ ही वर्डप्रेसमधील सर्वांत खालची भूमिका मिळते. वर्गणी भरल्यावर आणि काकूंनी कागदपत्रे पाहिल्यावर प्लगइन त्याला ‘सभासद’ करते. सभासदाला स्थळाचे त्रोटक कार्ड दिसते. जन्मवेळ, वार्षिक उत्पन्न, फोटो आणि पालकांचा मोबाइल क्रमांक असलेले सविस्तर माहितीपत्रक मात्र समोरच्या स्थळाने होकार कळवल्यावरच पीडीएफच्या रूपात उतरवून घेता येते. निदान आमची तशी समजूत होती.

काकूंच्या संमतीने मी ‘चाचणी’ या नावाचे एक खोटे स्थळ भरले. मग दुसऱ्या ईमेलवरून नवे खाते उघडले. वर्गणी भरली नाही, कागदपत्रे दिली नाहीत. अशा खात्यालाही स्वतःचे अर्धवट माहितीपत्रक पाहण्याची सोय असते. ब्राउझरमधील नेटवर्कची पट्टी उघडी ठेवून मी ते बटण दाबले आणि सर्व्हरकडे गेलेली विनंती पाहिली. तीत कामाचे नाव, एक नॉन्स (विनंतीसोबत जाणारा तात्पुरता संकेत) आणि स्थळक्रमांक एवढेच होते. स्थळक्रमांकाच्या जागी चाचणी स्थळाचा क्रमांक घालून तीच विनंती पुन्हा पाठवली. उत्तर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, यायला हवे होते. आले २००, म्हणजे ‘ठीक आहे’, आणि सोबत एका पीडीएफचा पत्ता. तो उघडला तर मी हाताने भरलेली, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांची खोटी जन्मवेळ माझ्यासमोर होती.

कोड उघडल्यावर कारण शोधायला वेळ लागला नाही. माहितीपत्रक तयार करणारे फंक्शन ‘डब्ल्यूपी_एजॅक्स’ने सुरू होणाऱ्या हुकवर (आपला कोड जोडण्यासाठी वर्डप्रेसने ठेवलेल्या जागेवर) टांगलेले आहे. हा हुक लॉगिन केलेल्या कोणाही माणसासाठी चालतो, मग तो प्रशासक असो की पाच मिनिटांपूर्वी खाते उघडलेला असो. फंक्शनमध्ये आधी नॉन्स तपासलेला आहे, मग ‘इज_अ‍ॅडमिन’ तपासलेले आहे, आणि लगेच पीडीएफ बनू लागते. ‘इज_अ‍ॅडमिन’ म्हणजे ‘हा माणूस प्रशासक आहे का’ असे लिहिणाऱ्याने धरले असावे. प्रत्यक्षात ते फंक्शन माणसाबद्दल काहीच सांगत नाही. विनंती प्रशासकीय भागातून चालली आहे का, एवढेच सांगते. अ‍ॅडमिन-एजॅक्स या फाइलकडे येणारी प्रत्येक विनंती त्याच भागातली धरली जात असल्याने तेथे त्याचे उत्तर नेहमी ‘होय’ असेच येते. भूमिकेचा अधिकार तपासणारे ‘करंट_यूजर_कॅन’ तेथे कोठेही नाही, आणि या स्थळाने या माणसाला होकार दिला आहे का, हा प्रश्न तर विचारलेलाच नाही.

मला यात सर्वांत जास्त खटकली ती एक गोष्ट. संकेतस्थळ नव्हते तेव्हा मंडळात मुलींच्या फाइली हिरव्या नाडीने आणि मुलांच्या निळ्या नाडीने बांधलेल्या असत. आलेल्या माणसाचे कार्ड पाहून काकू त्याला समोरच्या पक्षाचीच फाइल देत, टेबलावरच वाचायला लावत आणि कोणी कोणती फाइल पाहिली ते रजिस्टरमध्ये लिहीत. पत्ता आणि फोन असलेला कागद फाइलीत नसेच; तो वेगळ्या लिफाफ्यात, कुलपाच्या कप्प्यात असे. म्हणजे ‘तुम्ही सभासद आहात का’ आणि ‘हा कागद तुम्हाला देता येतो का’ हे दोन प्रश्न त्या दोन वेळा, वेगवेगळे विचारत होत्या. आम्ही संगणक आणला आणि दुसरा प्रश्न गाळला.

विकसकाला ईमेल केला आहे. तूर्त माहितीपत्रकाची सोय बंद ठेवली आहे. ही माहिती आणखी कोणी उचलली आहे का ते कसे शोधावे, आणि सभासदांना काय व केव्हा सांगावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.


वेताळटेकडी | रविवार, रात्री ११.०५

मांडणी स्पष्ट आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. हा प्रकार अपवादात्मक नाही. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेच्या त्रुटींच्या यादीत प्रवेशनियंत्रणातील त्रुटी २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होत्या, २०२१ मध्ये त्या पहिल्या क्रमांकावर आल्या. प्लगइनमध्ये त्या विशेष आढळण्याचे कारण असे की, वर्डप्रेस भूमिका आणि अधिकार यांची चौकट पुरवते, पण प्रत्येक दारावर ती चौकट लावण्याचे काम प्लगइन लिहिणाऱ्याचे असते. विसरला तर काही बिघडत नाही, सगळे सुरळीत चालते. किंबहुना जरा जास्तच सुरळीत चालते.

आपण जे वर्णन केले आहे त्याला अगदी जवळचे उदाहरण एलिमेंटर या पाने मांडण्याच्या प्लगइनचे आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्या ३.६.० ते ३.६.२ या आवृत्त्यांत अशीच त्रुटी निघाली. नॉन्स तपासला जात होता, पण अधिकार तपासला जात नव्हता, आणि तो नॉन्स लॉगिन केलेल्या कोणालाही प्रशासकीय पानाच्या सोर्समध्ये मिळत होता. परिणामी साधा सबस्क्रायबर सर्व्हरवर स्वतःचा कोड चढवू शकत होता. ३.६.३ मध्ये ती बुजवली गेली. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये डब्ल्यूपी जीडीपीआर कम्प्लायन्स या प्लगइनमधील त्रुटीचा तर प्रत्यक्ष गैरवापर झाला. वैयक्तिक माहितीविषयीचा कायदा पाळता यावा म्हणून घेतलेले हे प्लगइन, आणि त्यातूनच परक्या माणसाला संकेतस्थळाच्या सेटिंग बदलता येत होत्या. हल्लेखोर नोंदणी सर्वांसाठी खुली करत, नव्या खात्याची ठरीव भूमिका प्रशासक अशी करून ठेवत आणि मग रीतसर अर्ज भरून प्रशासक होत.

आपल्याकडे प्लगइनची कोणती आवृत्ती आहे, आणि त्याहून नवी उपलब्ध आहे का, हे आपल्या लेखनात आलेले नाही. ते कळले तर बरे.


लेखापाल | सोमवार, सकाळी ७.५०

मी तांत्रिक क्षेत्रातील नाही. एका विश्वस्त संस्थेचे हिशेब पाहतो आणि आमचेही संकेतस्थळ असेच कोणीतरी करून दिलेले आहे, म्हणून विचारतो. नॉन्स म्हणजे नेमके काय, आणि तो तपासल्यावर आणखी काय तपासायचे उरते?


वेताळटेकडी | सोमवार, सकाळी ८.३०

@लेखापाल, बँकेत दारातून मिळणारे टोकन डोळ्यांसमोर आणा. टोकनावरून एवढेच कळते की हा माणूस आताच आपल्याच दारातून आत आला आहे. खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार त्याला आहे का, हे खिडकीवरचा कारकून सही जुळवून वेगळे पाहतो.

वर्डप्रेसचा नॉन्स असाच आहे. आपण लॉगिन केलेले असताना दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळाने आपल्या नकळत आपल्या ब्राउझरकडून विनंती पाठवू नये, यासाठी तो असतो. तो जास्तीत जास्त २४ तास चालतो आणि खरे तर एकदाच वापरता येईल असाही नसतो. प्रवेशनियंत्रणासाठी त्यावर विसंबू नये, असे वर्डप्रेसच्या विकसकांसाठीच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलेले आहे. तरीही ‘सुरक्षा’ या शीर्षकाखाली नॉन्सची एक ओळ टाकली की काम झाले असे समजणारे बरेच आहेत. तीन-चार वर्षांपूर्वी मीही तसेच समजत होतो.


मुठाकाठ | सोमवार, सकाळी ९.१५

यात एक भर घालतो. बटण न दाखवणे म्हणजे कुलूप लावणे असेही बरेच जण धरून चालतात. ‘सभासद नसलेल्याला ते बटण दिसतच नाही’ हे वाक्य मी बैठकांमध्ये इतक्या वेळा ऐकले आहे की आता ऐकले की मी वही काढतो.


खटपट्या | सोमवार, दुपारी १२.४०

मला वाटते, मूळ अडचण स्थळक्रमांक ओळीने असल्याची आहे. ४१७ नंतर ४१८ येणार हे शेंबड्या पोरालाही कळते. त्याऐवजी बत्तीस अक्षरांची यादृच्छिक ओळख दिली तर कोणाला अंदाजच करता येणार नाही आणि प्रश्न मुळातूनच मिटेल. आमच्याकडे एका शिकवणीवर्गाच्या निकालपत्रकांसाठी आम्ही हेच केले आणि आजवर तक्रार नाही.


वेताळटेकडी | सोमवार, दुपारी १.२५

@खटपट्या, करावेच, पण ते कुलपाच्या जागी नव्हे. लांबलचक ओळख अंदाजाने सापडत नाही हे खरे. मात्र ती लपून राहत नाही. ती ब्राउझरच्या इतिहासात राहते, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलली जाते, सर्व्हरच्या लॉगमध्ये (आलेल्या विनंत्यांच्या नोंदींत) उतरते, आणि याच प्लगइनच्या यादीच्या पानावर प्रत्येक कार्डाच्या कोडमध्येही बहुधा छापलेली असेल. पत्ता गुपित ठेवला म्हणून घराला दार नको असे होत नाही. विनंती आल्यावर सर्व्हरने प्रत्येक वेळी विचारायला हवे की, हा माणूस कोण आहे, हे स्थळ कोणाचे आहे, आणि या दोघांत होकार नोंदलेला आहे का.

यातला तिसरा प्रश्न ‘करंट_यूजर_कॅन’ एकट्यानेही सुटत नाही, हे @ताम्हन यांनी लक्षात घ्यावे. तो ‘सभासद आहे का’ एवढे सांगेल. मग वर्गणी भरलेला प्रत्येक सभासद प्रत्येकाचे माहितीपत्रक काढू शकेल. त्या मध्यस्थाने वर्गणी भरलेली असण्याची शक्यता मला तरी जास्त वाटते. असल्या कामाला ती स्वस्तच पडते.


ताम्हन | सोमवार, रात्री ९.४५

@वेताळटेकडी यांनी आवृत्ती विचारली होती. विकसकाचे उत्तर आज आले. एका ओळीचे आहे: ही त्रुटी पाच महिन्यांपूर्वीच्या आवृत्तीत दुरुस्त केलेली आहे.

ते अपडेट माझ्यासमोर पाच महिने होते. मी ते घेतले नाही, आणि याचे कारण आळस नव्हते, म्हणूनच ते येथे लिहितो. प्लगइनमधली पीडीएफ बनवणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) देवनागरी जोडाक्षरे तोडत असे. ‘ज्ञानेश्वर’ मध्ये ज आणि ञ सुटे पडत, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसे, आणि ‘क्षत्रिय’ तर वाचवत नसे. काकूंनी छापील प्रत समोर ठेवून विचारले होते की, मुलीचे नावच धड उमटत नसेल तर स्थळ दाखवायचे कसे. तेव्हा मी प्लगइनच्याच फोल्डरमध्ये हात घातला, ती लायब्ररी काढून एमपीडीएफ ही दुसरी बसवली आणि दोन फाइलींत फेरफार केले. अक्षरे सुरेख आली. मात्र त्या दिवसापासून प्रत्येक अपडेट माझे काम पुसून टाकणार हे ठरलेले होते, म्हणून मी त्या प्लगइनचे अपडेट बंद करून ठेवले. ‘एकदा निवांत बसून करू’ असे मनाशी म्हटले होते.

बदलांच्या यादीत त्या आवृत्तीपुढे ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिले आहे, याबद्दल विकसकावर माझा राग आहे आणि तो मी त्यांना कळवलाही आहे. सुरक्षेची दुरुस्ती आहे असे एक शब्दाने लिहिले असते तर मी त्याच रात्री बसलो असतो. पण पहिल्या पोस्टमध्ये मी सगळा दोष दुसऱ्याच्या कोडवर ठेवला, तो अर्धाच खरा होता.


वेताळटेकडी | सोमवार, रात्री १०.३०

लिहिलेत ते बरे केले. देवनागरीसाठी प्लगइनमध्ये हात घातलेली संकेतस्थळे पुण्यात शोधायला निघालो तर लक्ष्मी रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरतील.

उपाय आपल्याला माहीत असेलच, तरी इतरांसाठी लिहितो. मूळ फाइलींना हात न लावता स्वतःचे एक छोटे वेगळे प्लगइन करावे आणि मोठ्या प्लगइनने जेथे हुक दिलेले असतील तेथून पीडीएफ बनवण्याचे काम आपल्या लायब्ररीकडे वळवावे. तेथे हुक नसेल तर विकसकाला तो मागावा. मागितल्यावर देणारे अनेक असतात. मग अपडेट बिनधास्त घेता येते. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, प्रत्येक प्लगइनसाठी आपोआप अपडेटची सोय प्रशासकीय पानावरच आहे.


जुनी_वही | मंगळवार, सकाळी ६.५५

अपडेट घेतल्यावर काम संपेल असे कृपया धरू नये. पहिल्या पोस्टमध्ये आपण लिहिले आहे की, सर्व्हरच्या उत्तरात पीडीएफ आली नाही, पीडीएफचा पत्ता आला. म्हणजे फाइल बनवून कोठेतरी ठेवली जाते. तो पत्ता लॉगआउट करून, दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा.


ताम्हन | मंगळवार, सकाळी ८.१०

उघडते. फाइल ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये आहे आणि तिचे नाव म्हणजे स्थळक्रमांकच. लॉगिन लागत नाही, नॉन्स लागत नाही, काहीच लागत नाही. हे लिहिताना माझा चहा गार झाला आहे.

त्या फोल्डरमध्ये प्लगइनने एक एचटीअ‍ॅक्सेस फाइल ठेवलेली आहे आणि तीत थेट प्रवेश बंद असे लिहिलेलेही आहे. मग ती का चालत नाही?


जुनी_वही | मंगळवार, सकाळी ८.४०

आपला सर्व्हर एन्जिनएक्स या वेब सर्व्हरवर असावा. एचटीअ‍ॅक्सेस ही अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरची पद्धत आहे. एन्जिनएक्स ती फाइल वाचतच नाही. दारावर ‘आत येऊ नये’ अशी पाटी आहे, पण ती पहारेकऱ्याला न येणाऱ्या लिपीत लिहिलेली आहे.

येथे घडते ते असे. ‘अपलोड्स’मधील फाइल मागितली की वेब सर्व्हर ती डिस्कवरून उचलून थेट देतो, वर्डप्रेस, ते ज्या भाषेत लिहिले आहे ती पीएचपी, प्लगइन यांपैकी कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही. त्यामुळे प्लगइनमध्ये कितीही चोख तपासणी लिहिली तरी तयार झालेली फाइल तिच्या बाहेरच राहते. विकसकाने फंक्शन दुरुस्त केले असेल, पण पूर्वी बनलेल्या फाइली आपल्या डिस्कवर पडून आहेत, आणि त्या अपडेटने जात नाहीत.

आजच करण्यासारखे म्हणजे त्या सर्व पीडीएफ तेथून हलवाव्यात. पुसू नयेत, कारण त्यांच्या तारखा आपल्याला लागणार आहेत. कायमचा उपाय म्हणून फाइली वेब सर्व्हरच्या आवाक्याबाहेरील फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि होकार तपासणाऱ्या पीएचपी फंक्शनमधूनच वाचून द्याव्यात. खरे तर साठवण्याचीही गरज नाही. दोन पानी पीडीएफ दर वेळी नव्याने बनवायला कितीसा वेळ लागतो?

आता लॉगविषयी. अ‍ॅडमिन-एजॅक्सकडे जाणारी विनंती पोस्ट पद्धतीची, म्हणजे मजकूर पत्त्यात न लिहिता आत नेणारी असते आणि पोस्टचा मजकूर सर्व्हरच्या नेहमीच्या लॉगमध्ये उतरत नाही, म्हणून तेथे सगळ्या ओळी सारख्याच दिसतील. पण प्रत्येक पोस्टच्या पाठोपाठ त्या पीडीएफची गेट विनंती, म्हणजे पत्त्यावरून थेट मागणी असणार, आणि तिच्यात फाइलीचे नाव, म्हणजे स्थळक्रमांक असणार. ज्या त्रुटीने आपल्याला अडचणीत आणले तीच येथे साक्ष देईल. होस्टिंगवाल्याकडून जुने लॉग आजच मागून घ्या. अनेक ठिकाणी ते महिन्याभरात आपोआप पुसले जातात.


लेखापाल | मंगळवार, दुपारी ३.१५

सर्व वाचले आणि दुपारी आमच्या संकेतस्थळाच्या मुलाला फोन केला. ते असो.

सभासदांना कळवण्याविषयी मात्र माझे मत सावध आहे. किती जणांची माहिती गेली हे निश्चित होण्याआधी पत्र काढले तर घबराट होईल, आणि अशा संस्था विश्वासावर चालतात. एकदा ‘त्या मंडळातून माहिती फुटते’ असे झाले की पन्नास वर्षांचे नाव जाते. आधी चौकशी पूर्ण करावी, मग कार्यकारिणीत ठराव करून ज्यांचे नाव निघेल त्यांनाच सांगावे.


अनामिका_औंध | मंगळवार, सायंकाळी ७.३०

@लेखापाल, आपला उद्देश चांगला आहे हे समजते, पण मी या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेली आहे. माझे नाव गेली दोन वर्षे अशाच एका मंडळात आहे. या धाग्यातील मंडळात आहे की नाही, हे मला कळण्याचा मार्ग नाही.

पासवर्ड फुटला तर मी तो बदलते. बँकेचे कार्ड बंद करता येते. माझी जन्मतारीख, वेळ, ठिकाण, वडिलांचा मोबाइल क्रमांक, माझा पगार आणि साडीतला फोटो हे एका कागदावर एकत्र गेले, तर त्यातले मी काय बदलू? अशा कागदावरून ‘मुलाची मावशी बोलते आहे’ असे सांगून कोणी आईला फोन केला, तर ती विश्वास ठेवेल, कारण समोरच्याला सगळे माहीत असेल. मला हे आज कळले तर आज रात्री मी तिला सांगून ठेवू शकते. कार्यकारिणीची बैठक होऊन ठराव होईपर्यंत तो फोन येऊन गेलेला असेल.

संस्थेचे नाव जाईल हे खरे. पण ते नाव आमच्या कागदांवरच उभे आहे ना?


वेताळटेकडी | मंगळवार, रात्री ९.००

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायचे असते आणि यंत्रणेचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ यातील तरतूद अशी आहे की, माहितीला धक्का लागला तर या कायद्याखालील माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्या ज्या व्यक्तीची माहिती गेली तिलाही कळवावे; न कळवल्यास दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये आहे. ही तरतूद टप्प्याटप्प्याने अमलात येत असली तरी कायद्याचा कल कोणत्या बाजूला आहे ते स्पष्ट आहे. ज्याने क्रमांक बदलून दुसऱ्यांची माहिती काढली, तोही सुटत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ परवानगीविना केलेल्या प्रवेशाबद्दल आहे आणि अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘दार उघडेच होते’ हा बचाव होत नाही.

@अनामिका_औंध यांच्या मताशी मी सहमत आहे. ‘चौकशी चालू आहे’ असे लिहूनही पत्र काढता येते.


लेखापाल | मंगळवार, रात्री ९.४०

६ तासांची बाब मला ठाऊक नव्हती. बदलता न येणाऱ्या माहितीचे उदाहरणही मनात राहिले. माझे वरचे मत मागे घेतो.


ताम्हन | शनिवार, दुपारी ४.३०

उशिराने लिहीत आहे, कारण मधले दिवस यातच गेले. मंगळवारी रात्रीच सर्ट-इनला घटना कळवली. रविवारी कळवायला हवी होती, आणि कळवताना तेही लिहिले.

होस्टिंगकडून गेल्या ३० दिवसांचे लॉग मिळाले, त्यामागचे पुसले गेले आहेत. @जुनी_वही यांनी सांगितल्याप्रमाणे पोस्टच्या ओळी मुक्या निघाल्या, पण त्यांच्या मागोमाग आलेल्या गेटच्या ओळी बोलल्या. तीन आठवड्यांपूर्वी, रात्री दोन ते पहाटे साडेतीनच्या दरम्यान, एकाच आयपी पत्त्यावरून स्थळक्रमांक ओळीने मागितलेले आहेत. दोन विनंत्यांमध्ये दर वेळी सहा सेकंदांचे अंतर आहे, म्हणजे हाताने केलेले काम नाही. फोन केलेल्या गृहस्थांच्या मुलीचा क्रमांक त्यात आहे. मी माझ्या बहिणीचा जुना क्रमांकही शोधला. तिचे लग्न याच मंडळातून जमले होते आणि स्थळ बंद करूनही माहिती डेटाबेसमध्ये तशीच होती. तोही त्यात आहे. लग्न जमलेल्या स्थळांची माहिती आम्ही ठेवतच का होतो, याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. ती आता काढून टाकली आहे.

ज्या खात्यातून हे झाले त्याने वर्गणी भरलेली नव्हती, त्यामुळे @वेताळटेकडी यांचा अंदाज येथे चुकला. मात्र त्यांची सूचना पाळली आहे. होकाराची नोंद तपासल्याशिवाय आता सभासदालाही काही मिळत नाही, आणि दुरुस्त आवृत्तीत हे विकसकानेच नीट लिहिलेले आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. देवनागरीचे काम वेगळ्या छोट्या प्लगइनमध्ये हलवले. पीडीएफ आता साठवली जात नाही. जुने सर्व लॉगिन रद्द व्हावेत म्हणून कॉन्फिगरेशनमधील गुप्त किल्ल्या बदलल्या. सायबर पोलिसांकडे लॉगच्या प्रतीसह तक्रार दिली आहे.

पत्र गुरुवारी गेले, सर्वांना, कार्यकारिणीच्या तीन सभासदांचा विरोध असताना. मजकूर काकूंनी लिहिला. मी ‘तांत्रिक त्रुटीमुळे अनधिकृत प्रवेश झाल्याची शक्यता’ असे काहीतरी सुचवले होते. त्यांनी ते खोडून ‘तुमचा कागद आम्ही तुम्हाला न विचारता परक्या माणसाच्या हाती पडू दिला’ असे लिहिले, आणि खाली त्या कागदावर काय काय असते त्याची यादी दिली. दोन दिवसांत सव्वीस फोन आले. त्यांपैकी चौघांनी नाव काढून घ्यायला सांगितले, एकाने वकिलाची नोटीस येईल असे सांगितले, आणि बाकीच्यांना मुख्यतः आईवडिलांनी कोणत्या फोनपासून सावध राहावे हे विचारायचे होते.

चाचणी स्थळ मात्र काढून टाकलेले नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी वर्गणी न भरलेल्या खात्यातून ते मागायचे आणि ४०३ येते का ते पाहून रजिस्टरमध्ये सही करायची, असे ठरले आहे. ४०३ म्हणजे काय ते काकूंनी विचारून घेतले आणि कॅलेंडरवर त्या चौकोनात ‘नकार आला पाहिजे’ असे लिहून ठेवले.